नवव्या प्रश्नाचं उत्तर

मी समुपदेशक. पहिल्या भेटीला ते माझ्याकडे आले ते फोन स्कूटरच्या डिकीत ठेवून. बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा पण बाहेर ठेवता येईल का?" मी माझा फोन शेजारच्या खोलीतल्या कपाटात ठेवून आले. वाद घालायची ती वेळ नव्हती.

जहाजावर थर्ड इंजिनिअर. आपले खलाशी थर्ड इंजिनिअरला 'तीनसाब' म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव. गाव दापोली तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. याहून बारीक सांगितलं तर इथला कुणीही बोट ठेवून घर दाखवेल.

त्यांचा प्रश्न रोजचा मूड नोंदवायच्या एका ॲपबद्दल होता, एका ओळीचा. "ॲपमध्ये मी जे भरलं ते कंपनीला दिसतं का?" हा प्रश्न हल्ली मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. पाळीच्या तारखा ॲपवर टाकणारी मुलगी विचारते, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा विचारतो. मनगटावरच्या घड्याळात ठोके मोजणारे एक निवृत्त मास्तरही विचारून गेले. शब्द वेगळे, पण भीती तीच: आपण एकांतात लिहिलेलं कुणीतरी वाचतंय.

तीनसाबांची हकीगत अशी. आधीच्या करारात, घरी परतायला थोडे दिवस उरलेले असताना, इंजिनरूममध्ये सोबतचा माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत भाजला. तो वाचला. हे साइन ऑफ करून घरी आले आणि झोप गेली. पावसात लाइट जाते, पंखा थांबतो, घर शांत होतं. बाकीचे घामाघूम होऊन कूस बदलतात, हे मात्र ताडकन उठून बसायचे. जहाजावर आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, हे अंगात मुरलेलं. मग पहाटेपर्यंत ओटीवर.

गावात कुणी बघू नये म्हणून ते मुंबईला जाऊन मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. रत्नागिरीचं नावही त्यांनी काढू दिलं नाही. आमच्याकडे 'याला रत्नागिरीला न्यायला हवा' या वाक्याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो. तिथलं मनोरुग्णालय जुनं आहे आणि थट्टाही तितकीच जुनी. गोळ्या सुरू झाल्या. त्याच सुमारास त्यांनी एक फुकटचं ॲप घेतलं. रोज रात्री आपला मूड दाखवणारा चेहरा निवडायचा, झोपेचे तास लिहायचे आणि आठवड्याला नऊ प्रश्नांची उत्तरं द्यायची.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. आरोग्य विम्याचा फोन आला, आणि मोबाइलवर निद्रानाशाच्या जाहिराती दिसू लागल्या. पुढचं मेडिकल, म्हणजे जहाजावर जाण्याआधीची वैद्यकीय तपासणी, तीन आठवड्यांवर होतं. समुद्रावर जाणाऱ्याचा वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो. तो नसेल तर जहाज नाही, आणि जहाज नाही तर पगार नाही. त्यांनी ॲप उडवलं. आणि गोळ्याही बंद केल्या. "रक्तात सापडायला नकोत."

हे ऐकल्यावर ॲपचा विषय मी बाजूला ठेवला. गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे मी ठरवू शकत नाही, पण ती अशी एका रात्रीत सोडायची नसते एवढं मला नक्की माहीत आहे. मी त्यांना डिकीतला फोन आणायला लावला आणि माझ्यासमोर मुंबईच्या डॉक्टरांना फोन करायला सांगितला. त्यांना ते आवडलं नाही. पण केला.

ॲपचं बोलणं दुसऱ्या भेटीत झालं. त्यांची पक्की समजूत होती की फोन सतत ऐकतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली होती. चोरून माइक चालू करून बोलणं बाहेर पाठवणारं ॲप त्यांना सापडलं नाही. सापडलं ते वेगळंच: काही ॲप वापरणाऱ्याच्या पडद्यावर काय चाललंय याचं चित्रण तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. तीनसाब म्हणाले, "म्हणजे कानाची काळजी करत बसलो आणि डोळे उघडेच." मला हे सुचलं नसतं.

ते हर्णैच्या बाजूचे, म्हणून मी बंदरावरच्या लिलावाचं उदाहरण घेतलं. होडी लागते, टोपल्या वाळूत उतरतात, बोली सुरू होते. बोली लावणाऱ्याला तांडेल कोण, त्याच्या घरात काय चाललंय, याच्याशी काही घेणंदेणं नसतं. टोपलीत सुरमई आहे की बांगडा, तेवढं त्याला कळलं की झालं. जाहिरातीचा बाजार असाच चालतो, फरक इतकाच की पडदा उघडेपर्यंत बोली लागून संपलेलीही असते. ॲप बनवणारे जाहिरात कंपन्यांचा तयार कोड आपल्या ॲपमध्ये बसवतात. तुम्ही 'झोप' हा विभाग उघडलात, रडका चेहरा निवडलात, अशी एकेक हालचाल फोनच्या जाहिरात आयडीसकट, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेल्या ओळख क्रमांकासकट, त्या कोडातून बाहेर जाऊ शकते. नाव नसतं. पण तोच आयडी दहा ठिकाणी दिसला की टोपली कुणाची हे ओळखायला फार वेळ लागत नाही.

अशी उदाहरणं कागदोपत्री आहेत. बेटरहेल्प ही ऑनलाइन समुपदेशनाची मोठी अमेरिकी कंपनी. 'तुमची माहिती गुप्त राहील' असं सांगून तिने लोकांचे ईमेल पत्ते आणि त्यांनी पूर्वी समुपदेशन घेतलं होतं की नाही ही माहितीसुद्धा जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिली, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये ठेवला. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण ७८ लाख डॉलर मोजायला तयार झाली. त्याआधी २०२१ मध्ये पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपबद्दलही अशाच तक्रारीवरून तडजोड झाली होती. समुपदेशक म्हणून पहिली बातमी मला जास्त झोंबली. माणूस दार लोटून आत येतो, आणि तो आत आला हीच गोष्ट विकली जाते.

"म्हणजे जहाज कंपनीला कळणार," तीनसाब म्हणाले.

इथे मी जपून बोलले. खोटा धीर दिला तर तो दुसऱ्या दिवशी उतरतो. मी म्हटलं, जहाज कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसातला माणूस तुमच्या नावाने ॲप उघडून तुमचे चेहरे बघतोय, असा रस्ता मला दिसत नाही. तुम्हाला झोप येत नाही हे जाहिरातवाल्यांना कळलं असण्याची शक्यता मात्र भरपूर आहे. आणि एकदा बाहेर गेलेली माहिती पुढे कुठे कुठे फिरेल याची हमी तुम्हाला कुणीच देऊ शकत नाही, मीही नाही.

विम्याच्या फोनचा उलगडा त्यांनी स्वतःच केला, थोडं ओशाळून. महिन्याभरापूर्वी त्यांनी हप्ता किती बसतो हे बघायला एका साइटवर स्वतःचा नंबर टाकला होता.

बोलताना एक गोष्ट मला खटकत होती. ते पुन्हा पुन्हा 'ते नऊ प्रश्न' म्हणत. ही प्रश्नावली माझ्या ओळखीची आहे, जगभर वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत काय काय वाटलं ते विचारतात, आणि प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. झोप, भूक, थकवा, मन न लागणं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. मी सरळ विचारलं, "नवव्याला काय लिहिलंत?"

बराच वेळ पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाले, "काही दिवस."

तीन महिने दर आठवड्याला त्यांनी ते उत्तर दिलं होतं. ॲपने दर वेळी एक हेल्पलाइन नंबर आणि श्वासाचा व्यायाम दाखवला होता. ते उत्तर कुणाकुणापर्यंत पोहोचलं असेल या धास्तीने त्यांची झोप आणखीच उडाली, आणि ज्या माणसांपर्यंत पोहोचायला हवं होतं त्यांच्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. मग मी जे विचारायचं असतं ते सगळं विचारलं: विचार कधी येतो, काही ठरवलं आहे का, घरात कोण असतं. ठरवलेलं काही नव्हतं. रात्री विचार दाटून आला तर काय करायचं, कुणाला उठवायचं, हे आम्ही कागदावर लिहिलं, खाली टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिला. तो चोवीस तास चालतो. डॉक्टरांना हे त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

उठवायचं माणूस म्हणून त्यांनी बायकोचं नाव लिहिलं, पण तिला काही सांगायची तयारी नव्हती. "ती घाबरेल. तिला यातलं काहीच माहीत नाही."

पुढच्या भेटीला दोघं आली. त्यांनी घसा खाकरून सुरुवात केली तर ती म्हणाली, "मला शिमग्यापासून माहीत आहे."

झालं होतं असं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढून ते मेडिकलवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचे. फोनमधले फोटो आपोआप ज्या खात्यात साठत, तेच खातं भाच्याने कधीतरी घरातल्या टॅबवरही चालू करून दिलं होतं. मुलगा कार्टून बघतो तो टॅब. तिने चिठ्ठी पाहिली, गोळीचं नाव शोधलं आणि गप्प राहिली. "यांनी सांगितलं नाही म्हणजे सांगायचं नसेल, म्हटलं." रात्री हे ओटीवर जात, तेव्हा ती आत जागीच असे.

परदेशातल्या सर्व्हरची भीती बाळगणाऱ्या माणसाची माहिती स्वतःच्याच घरात, कार्टूनच्या टॅबवर उघडी पडली होती. माझ्या अनुभवात बहुतेकदा असंच असतं: घरातला सामायिक फोन, मेडिकलवाल्याचं व्हॉट्सॲप, नातेवाइकाने चालू करून दिलेलं खातं. तरी ॲपची भीती मी खोडून काढत नाही. दोन्ही वाटांनी पाणी झिरपतं.

मग आम्ही तिघांनी बसून फोन साफ केला. ॲप नुसतं काढून टाकलं तर फक्त फोनवरचं जातं. खातं आणि त्यातली माहिती कंपनीकडे तशीच राहते. त्यांनी ते ॲप पुन्हा घेतलं, आत जाऊन खातं हटवण्याची विनंती केली आणि आलेला ईमेल जपून ठेवला. सेटिंग्जमधून जाहिरात आयडी हटवला. लोकेशनची आणि संपर्कयादीची परवानगी त्या असल्या ॲपला कशाला हवी होती, हे मला अजून कळलेलं नाही. फोटोंचं खातं टॅबवरून काढलं.

कायद्याचं विचारतात म्हणून तेही सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे आणि माहिती पुसायला सांगता आली पाहिजे, असं म्हटलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने दिलेत. आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, जास्त कडक वर्ग या कायद्यात नाही, ही माझ्या मते मोठी उणीव आहे. उलट मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं स्पष्ट बंधन घालतो, जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडून. म्हणजे डॉक्टरांचं तोंड कायद्याने बांधलेलं, ॲपचं अजून अर्धवट.

हे मी मोठ्या रुबाबात सांगत होते, तेवढ्यात तीनसाबांनी विचारलं, "मॅडम, भेटीच्या आधी तुम्ही मला जी लिंक पाठवलेली, तो फॉर्म कुठे जातो?"

नाव, वय, पूर्वीचे आजार, चालू औषधं. फुकटचा ऑनलाइन फॉर्म, तीन वर्षं वापरत होते. त्याची उत्तरं माझ्या ज्या खात्यात साठत, त्याचा पासवर्ड माझ्या मदतनीस मुलीकडेही होता. मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. त्या रविवारी बसून सगळ्या जुन्या नोंदी उतरवून घेतल्या आणि तिथल्या पुसल्या. आता कागदाचा फॉर्म आहे, आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

मेडिकलचा प्रश्न उरलाच होता. त्यांना माझ्याकडून 'सांगू नका' हे ऐकायचं होतं. मी तसं म्हटलं नाही. जाहिरातवाल्याला तुमच्या झोपेशी काही देणंघेणं नाही. जहाजावर तुमच्या हाती इंजिन सोपवण्याआधी तपासणारा डॉक्टर विचारतो, तेव्हा त्याला विचारायचा अधिकार आहे, आणि खाली सही तुमची असते. काय सांगायचं, कोणत्या कागदासकट सांगायचं, हे मात्र तुमच्या हातात. त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र घेतलं आणि फॉर्मवर खरं लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी दाखला दिला नाही, सहा आठवड्यांनी परत या म्हणाले. ते जहाज गेलं. तीनसाब माझ्यावर चांगलेच चिडले, एक भेट चुकवली. दुसऱ्या तपासणीत दाखला मिळाला, पण मधल्या काळात घराचा हप्ता मेहुण्याकडून उसने घेऊन भरावा लागला. हे मी लपवत नाही.

हे सगळं लिहून त्यांना आधी वाचायला दिलं. कागदावर, हातात. दोन वाक्यं काढा म्हणाले. काढली.