दुधातलं अँटिबायोटिक शोधायला मायक्रोएक्स्ट्रॅक्शन, म्हणजे औषध थेंबभर द्रावकात ओढून घेणं, कशाला? एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) एवढं संवेदनशील आहे, तर दूध गाळून थेट त्यात का सोडत नाहीत?

मी सोडलंय. लातूर जिल्ह्यात दूध तपासणीच्या लॅबमध्ये नवीन होतो, घाई होती. तिसऱ्या इंजेक्शनला पंपाचं प्रेशर चढायला लागलं आणि कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी बारीक भरलेली नळी, तुंबला. केसिन (दुधातलं प्रथिन) आणि चरबी, दुसरं काय! साहेब आठवडाभर बोलले नाहीत.

मशीन संवेदनशील आहे हे तुमचं खरं. पण शोधायचंय किती ते बघा. बेंझिलपेनिसिलिनची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मर्यादा लिटरला 4 मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम औषध दहा-दहा हजार लिटरच्या पंचवीस टँकरांत सारखं मिसळलं तर जेवढं होईल तेवढंच. म्हणून आधी दुधातली प्रथिनं-चरबी काढून टाकायची, मग उरलेलं कणभर औषध थेंबात गोळा करायचं.

एन्रोफ्लॉक्सासिन या जनावरांच्या अँटिबायोटिकसाठी आम्ही असं करतो. दुधात अ‍ॅसिटोनायट्राइल घातलं की प्रथिनं फाटतात, सेंट्रिफ्यूज करून वरचं नितळ घ्यायचं. गंमत म्हणजे तेच अ‍ॅसिटोनायट्राइल पुढे कामाला येतं. त्यात थोडं क्लोरोफॉर्म मिसळून बफरमध्ये, म्हणजे पीएच सातच्या आसपास टिकवणाऱ्या द्रावणात, सिरिंजनं जोरात मारलं की सगळं ढगाळ होतं. क्लोरोफॉर्मचे लाखो बारीक थेंब, त्यामुळे औषध पटकन त्यांच्यात शिरतं. पुन्हा फिरवलं की तळाला एक जड थेंब बसतो. त्यातलं क्लोरोफॉर्म उडवून, उरलेलं विरघळवून एचपीएलसीत सोडायचं आणि फ्लुओरेसन्स डिटेक्टरवर (औषधाची चमक मोजणाऱ्या भागावर) बघायचं. 5 मिलीतलं औषध 50 मायक्रोलिटरमध्ये आलं तर शंभरपट. प्रत्यक्षात रिकव्हरी, म्हणजे होतं त्यातलं हाती आलेलं औषध, कधीच पूर्ण मिळत नाही. ही पद्धत 2006 मध्ये इराणी संशोधकांनी मांडली. त्याआधी 1990 मध्ये कॅनडात पॉलिझिन यांनी लेप दिलेल्या तंतूवर पदार्थ ओढून घ्यायची युक्ती काढली होती; तंतू द्रवात बुडवायचा किंवा वर वाफेत धरायचा. पण ही औषधं वाफेत येत नाहीत आणि तंतू थेट दुधात बुडवला तर त्यावर साय चढते.

ऑक्सिटेट्रासायक्लिनला मात्र हीच रीत लावू नका. मी लावली, आकडे हास्यास्पद आले. हे औषध दुधातल्या कॅल्शियमला घट्ट धरून बसतं, म्हणून बफरमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए हवंच. शिवाय ते पाण्यातच रमतं, क्लोरोफॉर्मकडे फारसं वळत नाही.

बाकी संकलन केंद्रावर हे काही लागत नाही. तिथं जांभळ्या जेलची नळी असते: दूध घालून 64 अंशांवर तीनेक तास ठेवा, आतले जिवाणू वाढले की पिवळी, अँटिबायोटिक असेल तर जांभळीच. दही लागलं नाही की गावात कळतंच, तेच तत्त्व. पण औषध कोणतं ते नळी सांगत नाही, आणि एन्रोफ्लॉक्सासिनला तर तिचे जिवाणू फारसे दबतच नाहीत. दगडी (कासेचा दाह) झालेल्या म्हशीला एन्रोफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन देऊन दूध न थांबवता डेअरीला घातलं तर नळी बिनदिक्कत पिवळी होऊ शकते. लॅब लागते ती इथं.

प्रोजेक्ट करणार असाल तर आधी कोरं, म्हणजे औषधाचा अंश नसलेलं दूध शोधा. त्यात मोजून औषध घालूनच कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे किती औषधाला मशीन किती आकडा दाखवतं त्याची रेषा काढायची; पाण्यात केलेली रेषा दुधाला लागू होत नाही. डेअरीचं दूध चालत नाही, त्यात शंभर गोठे मिसळलेले. मी गावाकडच्या आमच्या देवणी गाईचं आणतो. तिला वर्षभरात सुई लागलेली नाही, हे आईला पक्कं ठाऊक असतं.