लोक मँटिस का पाळतात आणि कोणती जात निवडतात?

कारण मँटिस, म्हणजे पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरणारा शिकारी किडा, आपल्याकडे बघतो. भुंगा किंवा फुलपाखरू शेजारी बसलं तरी आपण त्याच्या खिजगणतीत नसतो. मँटिस मान वळवून बघतो, आणि आपण सरकलो की डोळ्यातला काळा ठिपकाही सरकतो. ते खरं बुबुळ नव्हे, संयुक्त डोळ्यामुळे होणारा भास आहे. तरी त्याची नजर पक्की असते. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी मँटिसच्या डोळ्यांवर मेणाने इवलेसे चष्मे चिकटवून त्यांना त्रिमितीय चित्रफिती दाखवल्या आणि त्यांना अंतराचा अंदाज येतो हे २०१६ मध्ये सिद्ध केलं. असा शिकारी टेबलावरच्या बरणीत मावतो, आवाज नाही, वास नाही. किड्याचा कसला लळा, असं म्हणणाऱ्यांनी तो कधी पाळलेलाच नसतो.

आमचा दादा त्यातलाच. माझा चुलतभाऊ, मुंबईला असतो. चिपळूणच्या घरी परसातल्या जास्वंदीवर मला मृगाच्या पावसात एक पिल्लू मिळालं होतं. हायरोड्युला जातीची मादी, हिरवीगार. माश्या, मग पतंग, मग झुरळं खात वाढली. गणपतीच्या सुमारास तिच्या पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या, तिने खाणं सोडलं आणि झाकणाच्या जाळीला उलटी लटकून राहिली. शेवटची कात टाकायची वेळ आली होती. दादा म्हणाला, "अगं, उपाशी मारतेस की काय तिला?" मी सांगितलं, कात टाकेपर्यंत ती काही खाणार नाही, बरणी उघडू नकोस. मी मोदकांच्या गडबडीत असताना त्याने आत चार रातकिडे सोडले.

कात टाकताना मँटिस जुन्या कातडीतून डोकं खाली करून बाहेर सरकतो. तेव्हा अंग लोण्यासारखं मऊ असतं, पाय टेकवायलाही जोर नसतो. सकाळी ती तळाशी पडलेली होती, पंख चुरगळलेले, पोट एका बाजूने कुरतडलेलं. रातकिडे धडधाकट होते. ती दोन दिवसांनी गेली. दादा आजही दर गणपतीला सर्वांसमोर म्हणतो की मी तिला उपाशी ठेवलं. पोट भरलेला मँटिसही कात टाकण्याआधी काही दिवस खात नाही, आणि रातकिडा हालचाल न करणाऱ्या मँटिसला कुरतडतो. पाळणाऱ्या कुणालाही विचारा. ती भुकेने मेली नाही, बरणीत सोडलेल्या रातकिड्यांनी मेली.

आता जातींचं. जगभर नवखे लोक बरेचदा हायरोड्युला मेम्ब्रॅनेशिया घेतात. मूळची आपल्याच भागातली, मोठी, काटक, मिळेल ते खाणारी. आफ्रिकेतला सुकलेल्या पानासारखा 'घोस्ट' मँटिस लहान आणि त्यातल्या त्यात शांत. खाणं भरपूर असेल तर काही जण तो एकत्रही ठेवतात. आग्नेय आशियातला ऑर्किड मँटिस फोटोंमुळे सगळ्यांना हवा असतो. मादी गुलाबी-पांढरी, देखणी. नर तिच्या निम्म्याहूनही लहान. पण ऑर्किड मँटिसला दमट हवा लागते, म्हणून तो पहिल्या खेपेला घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या व्हायोलिन मँटिसला भरपूर ऊब आणि उडणारं भक्ष्य लागतं. तो आणखी अवघड.

बरणीची उंची किड्याच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी, वर पकडायला जाळी हवी, नाहीतर कात टाकताना तो पडतो. पिण्यापुरतं पाणी जाळीवर शिंपडा. त्याने खाणं सोडलं की आतलं सगळं जिवंत भक्ष्य काढून घ्या, आणि घरात पाहुणे असतील तर झाकणाला चिकटपट्टी लावा.

हे आधीच सांगायला हवं होतं: परदेशी जात हौसेने आणून नंतर बागेत सोडू नका. पूर्ण आयुष्य साधारण वर्षभराचंच असतं, त्यामुळे पूर्ण वाढलेला पकडलात तर सोबत थोड्या महिन्यांची. आणि रानातून आणलेल्या मादीने अंड्यांचं बोंड घातलं तर ते तिला जिथून आणलं त्याच झाडाला बांधून या. एका बोंडातून शंभराहून जास्त पिल्लं निघू शकतात आणि ती घरात ठेवली तर एकमेकांना खातात.