सर्व्हरची काळी विंडो अचानक डेस्कटॉपवर दिसायला लागली तर

तुमचा जावाचा सर्व्हर इतके दिवस मागे गुपचूप चालायचा आणि आता लॉगिन केलं की काळी विंडो उघडते, लॉगच्या ओळी पळतात, विंडो बंद केली की सर्व्हरही बंद, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्या विंडोच्या फुलीला हात लावायचं थांबवा. फुली दाबली की विंडोज प्रोसेसला (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला) आवरायला जेमतेम ५ सेकंद देतं आणि मग सरळ मारून टाकतं, फाइल अर्धी लिहून झालीय का वगैरे त्याला काही पडलेलं नसतं. विंडोच्या आतही उगाच क्लिक करू नका. क्विक एडिट (विंडोतला मजकूर माउसने निवडायची सोय) चालू असेल तर टायटलमध्ये 'सिलेक्ट' येतं आणि सर्व्हर लॉगची पुढची ओळ लिहायला गेला की तिथेच अडकतो, लोक मात्र नेटवर्क तपासत बसतात. एस्केप दाबा, सुटेल.

आता मूळ मुद्दा. विंडोज व्हिस्टापासून (२००७) सगळ्या सर्व्हिस, म्हणजे विंडोज स्वतः मागे चालवतं ते प्रोग्रॅम, सेशन ० नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतात आणि आपण लॉगिन करतो ते सेशन १ किंवा पुढचं, त्यामुळे खऱ्या सर्व्हिसची विंडो तुमच्या डेस्कटॉपवर येतच नाही. म्हणजे जे दिसतंय ते सर्व्हिस म्हणून चालत नाहीये, तुमच्या नावाने कुणीतरी सुरू करतंय. ते कोण, एवढंच शोधायचंय.

टास्क मॅनेजरमध्ये डिटेल्स टॅब, कॉलमच्या नावावर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, तिथे सेशन आयडी आणि कमांड लाइन दोन्ही टिक करा. सेशन आयडी ० नसेल तर तो सर्व्हिस नाही हे पक्कं. कमांड लाइनवरून नेमकी कुठली जार फाइल (जावा प्रोग्रॅमची फाइल) चाललीय ते कळतं. ती तुमची नसेल, टेम्प फोल्डरमधली वगैरे असेल, तर बाकी सगळं सोडा आणि आधी स्कॅन करा. सुरू कुणी केलं ते बघायला प्रोसेस एक्सप्लोरर या मायक्रोसॉफ्टच्या टूलमधलं झाड बघा (कुणी कुणाला सुरू केलं ते त्यात दिसतं), लॉगिन केल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींचा स्टार्टअप फोल्डरही एकदा बघून घ्या.

माझा संशय टास्क शेड्युलरवर (प्रोग्रॅम ठरल्या वेळी आपोआप सुरू करणारं विंडोजमधलं साधन) आहे, कारण नवीन टास्क बनवला की 'रन ओन्ली व्हेन यूजर इज लॉग्ड ऑन' हेच आपोआप निवडलेलं असतं आणि मग विंडो दिसणारच. 'हिडन'ची टिक लावून काही होत नाही, त्याने टास्क यादीतून लपतो, विंडो नाही! 'रन ओन्ली'च्या खालचा 'रन व्हेदर यूजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट' निवडा, पासवर्ड द्या, ट्रिगर 'अ‍ॅट लॉग ऑन' असेल तर 'अ‍ॅट स्टार्टअप' करा. 'स्टार्ट इन'मध्ये सर्व्हरचा फोल्डर लिहा, नाहीतर तो सिस्टम३२ मध्ये फाइली शोधत बसेल. तुम्ही जोडलेलं झेड ड्राइव्ह वगैरे त्याला तिथून दिसणार नाही, पूर्ण नेटवर्क पाथ द्यावा लागेल.

कुणीतरी जावाच्या जागी जावाडब्ल्यू वापरा असं सांगेलच. विंडो जाते खरी, पण प्रोसेस तुमच्याच सेशनमध्ये राहते आणि लॉग ऑफ केलं की मरते, त्यापेक्षा विंडो दिसलेली परवडली.

आणि हो, त्याच टास्कच्या सेटिंग्जमध्ये ३ दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा अशी टिक आधीपासून असते, ती काढा.