१९८३ सालची फायबरची शिडाची बोट घ्यायची आहे, आधी काय काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही छत्रपती संभाजीनगरचे, पुढच्या वर्षी निवृत्त होताय. मुंबईत १९८३ सालची २९ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट विकायला आहे. मालक म्हणतो, फायबर काही सडत नाही, आणि रंग तर नुकताच दिलाय. वर्षातले काही महिने तिच्यावर राहून कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत फिरायचं आणि जमलं तर शेवटी ती पैठणला नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, आणायची, असा तुमचा बेत आहे. एवढी जुनी बोट घ्यावी का?

घ्यायला हरकत नाही. तुम्हाला तिच्या वयाची काळजी वाटते, मला त्या नव्याकोऱ्या रंगाची वाटते.

मी वाळूजला २३ वर्षं एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, कामात आहे. टाक्या, कूलरच्या बॉडी, बसचे पुढचे भाग, असं रेझिन आणि काचेची मॅट साच्यात थापायचं काम. समुद्राशी माझा संबंध दाजींमुळे आला. ते नौदलात होते. २०१५ साली त्यांनी ३० फुटी जुनी बोट घ्यायची ठरवली आणि "तुला फायबर कळतं, तू चल" म्हणून मला देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला नेलं. त्यानंतर ओळखीतल्या आणखी तिघांच्या बोटी बघून आलो. शीड कसं चालवायचं ते तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारा, पण फायबरच्या पोटात काय चालतं ते मी सांगू शकतो.

गच्चीवरची वीस वर्षांची एफआरपीची टाकी आठवा. इतके एप्रिल-मे सोसून तिचा वरचा थर पांढरा पडतो, हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते, कुठे कुठे काचेचे तंतू उघडे पडून हाताला खाज सुटते. तरी टाकी उभी असते. गळते ती नळासाठी भोक पाडलेलं असतं तिथे. बोटीचंही तसंच आहे. त्या काळातल्या बऱ्याच बोटींचे तळ आजच्यापेक्षा जाड थापलेले असत, आणि असा तळ चाळीस वर्षांत सहसा दगा देत नाही. दगा देतात ती भोकं आणि जोड. म्हणून बोटीवर चढलात की चकाकीकडे बघू नका, प्रत्येक बोल्टकडे बघा.

सुरुवात डेकपासून करा. डेक सहसा भरीव नसतो. वर फायबर, खाली फायबर, मध्ये बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे ठोकळे किंवा प्लायवूड. दोर बांधायच्या खुंट्या, कठड्याचे खांब, दोर ओढायचे विंच, खिडक्या हे सगळं त्या डेकला भोकं पाडूनच बसवलेलं असतं. भोकात भरलेलं सीलंट काही वर्षांनी सुकतं, तडकतं, आणि पावसाचं पाणी मधल्या लाकडात उतरतं. तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते. कडब्याच्या गंजीत पाणी शिरलं की वरच्या पेंढ्या कोरड्या दिसतात आणि आत हात घातला की काळं, कुजलेलं निघतं, अगदी तसं होतं.

हे शोधायला यंत्र लागत नाही. अनवाणी चाला. पाय किंचित दबला, डेक कुरकुरला, तर तिथे खडूने खूण करा. मग स्क्रू ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने हलके ठोके देत, चार-चार बोटांच्या अंतराने सगळा डेक वाजवून काढा. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. गाभा कुजलेला किंवा सुटलेला असेल तिथे आवाज बसका होतो. अर्ध्या तासात कान तयार होतो. हे काम मालकाशी गप्पा मारत करू नका, त्यांना चहाला पाठवा. एखाद्या खुंटीभोवती वीतभर जागा खराब निघाली तर ती दुरुस्त होते. डोलकाठीच्या बुडाशी किंवा अर्ध्या डेकभर बसका आवाज आला तर मात्र वरचा थर कापून गाभा बदलणं आलं, आणि ते महिन्याभराचं काम आहे.

गाभ्यात लाकूड आहे एवढ्यावरून घाबरू नका. गोव्यात बांधलेली नौदलाची म्हादेई ही शिडाची बोट लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबर आणि एपॉक्सी नावाचं रेझिन अशीच आहे. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाकडाला पाणी लागू दिलं नाही की ते टिकतं. नवीन बोल्ट बसवताना भोक मोठं करून, आतला गाभा थोडा खरवडून, एपॉक्सी भरून, मग त्यात पुन्हा भोक पाडायची पद्धत आहे. मालकाला विचारा, तुम्ही कसं बसवलंत? त्या उत्तरावरून मालक कसा आहे ते कळतं.

आता तळ. पाण्याखालच्या भागावर फोड आले असतील असं तुम्ही वाचलं असेलच. वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्यातून पाणी अगदी सावकाश आत झिरपतं, रेझिनमधले न जमलेले घटक त्यात विरघळतात, ते द्रावण आणखी पाणी ओढून घेतं आणि दाबाने फोड येतो. फोडला तर आतून चिकट, व्हिनेगरसारख्या आंबट वासाचं पाणी येतं. लोक यालाच सर्वात जास्त घाबरतात, माझ्या मते गरजेपेक्षा जास्त. रुपयाएवढे पन्नास-साठ फोड हा भाव पाडायचा मुद्दा आहे, बोट सोडायचा नाही. तळहाताएवढे मोठे फोड, आणि ठोकलं की थर सुटल्याचा पोकळ आवाज, असं असेल तर मात्र परत फिरा. फोड बोट पाण्याबाहेर काढल्या काढल्या बघायचे. काही आठवडे सुकल्यावर ते बसतात आणि रंगाखाली दिसेनासे होतात. तुमच्या बोटीचा रंग "नुकताच" दिलाय, म्हणून आधीचे फोटो मागा.

रंगाखालची जुनी दुरुस्तीही शोधावी लागते. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात, बोटीच्या टोकाशी उभं राहून बाजूवरून नजर सरळ पुढे टाका, गिलावा बघताना टाकतो तशी. उंचवटे, खळगे लगेच दिसतात. मग आतले कप्पे रिकामे करून बॅटरीने तीच जागा आतून बघा. मूळ फायबर आणि नंतर थापलेलं फायबर यांचा रंग आणि वीण वेगळी असते. रेझिनचा ताजा वास आला तर काम अलीकडचं आहे. दुरुस्ती असणं हा दोष नाही, लपवणं हा दोष आहे.

ओलावा मोजायचं मीटर कुणी आणलं तर आकडा एकटा घेऊ नका. मुंबईच्या दमट हवेत आणि तांबं असलेल्या तळाच्या रंगावर ते भलतंच दाखवतं. बोटीच्या वरच्या कोरड्या बाजूचा आकडा घ्या, तळाचा घ्या, आणि फरक बघा.

तळाखाली शिशाचं किंवा बिडाचं वजन, म्हणजे कील, बोल्टांनी बांधलेलं असतं. त्याच्या जोडावर पुढच्या बाजूला फट आहे का, तिथून गंजाचा ओघळ येतो का ते बघा. आतून त्या बोल्टांच्या नटांभोवती तडे आहेत का, विशेषतः मागच्या टोकाला. बोट कधी खडकावर आपटली असेल तर कील मागे दाबली जाऊन मागचं टोक वर ढकललं जातं आणि खुणा तिथे राहतात. सुकाणूचं पान दोन्ही हातांनी धरून हलवा. ते दोन फायबरच्या पाकळ्या, मध्ये फोम आणि आत स्टीलचा सांगाडा असं असतं. बोट बाहेर काढून दोन दिवस झाले तरी खालून तपकिरी पाणी ठिबकत असेल तर आतला सांगाडा गंजतोय.

आत केबिनच्या आडव्या भिंती बोटीच्या अंगाला फायबरच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. ती पट्टी सुटली असेल तर कडेला बारीक काळी फट दिसते. संडासाचं दार नीट लागत नसेल तर फक्त बिजागरी बघून थांबू नका. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांच्या ताणाने बोटच वाकत असेल.

आता आमची चूक सांगतो, कारण तीच तुम्हाला उपयोगी पडेल. दोन दिवस मी तळ आणि डेक ठोकून काढला, निकाल चांगला आला आणि आम्ही व्यवहार केला. डोलकाठी आणि तारा आम्ही खालूनच बघितल्या, चकचकीत होत्या. त्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधतात त्यांना चेनप्लेट म्हणतात, आणि त्या डेकमधून खाली जातात. डेकच्या जाडीत, जिथे पाणी साचून राहतं आणि हवा पोचत नाही, तिथे स्टेनलेस स्टीललाही आतल्या आत चिरा पडतात. पहिल्याच ऑक्टोबरात, मांडव्याजवळ, बऱ्यापैकी वाऱ्यात, डाव्या बाजूची एक पट्टी तुटली. दाजींनी क्षणात बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूला घेतला आणि शीड उतरवलं, म्हणून डोलकाठी वाचली. बहीण बोटीवर होती. तो दिवस मी विसरलेलो नाही. पुढे सगळ्या चेनप्लेट, सगळ्या तारा आणि काही शिडं बदलली. बोटीच्या किमतीच्या जवळपास निम्मे पैसे पहिल्या वर्षात गेले.

म्हणून किमान एक चेनप्लेट काढून दाखवा असा हट्ट धरा. तारांचं बिल मागा. दहा-पंधरा वर्षांत तारा बदलायच्या असतात, आपल्या उष्ण-खाऱ्या हवेत लवकरच. बिल नसेल तर तारा जुन्याच आहेत असं धरून तेवढे पैसे बाजूला काढा. तारेच्या टोकाशी, जिथे ती नळीत दाबलेली असते, एखादा तंतू तुटलेला आहे का ते कापसाचा बोळा फिरवून कळतं, बोळा अडकतो. डोलकाठीच्या बुडाशी पांढरी भुकटी दिसली तर अॅल्युमिनियम खाल्लं जातंय.

आजोबा माळेगावच्या यात्रेत बैल घ्यायचे तेव्हा त्याला आधी बसवायचे आणि उठताना बघायचे. इंजिनचंही तेच करा. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर तुम्ही येण्याआधी ते चालू करून ठेवलेलं आहे. थंड इंजिन किती सेकंदात घेतं, धूर कोणता येतो ते बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा पंख्यावर (प्रोपेलरवर) फार ओझं आहे. धुराबरोबर समुद्राचं पाणी बाहेर पडलंच पाहिजे. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. मग समुद्रात नेऊन अर्धा तास भार देऊन चालवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा.

बोटीच्या पोटात साचलेल्या पाण्यात करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावा. खारट असेल तर तळातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांतून किंवा पंख्याच्या दांड्यातून येतंय. गोडं असेल तर डेकमधून, म्हणजे पुन्हा ठोकायला वर जा. त्या झडपा प्रत्येकी उघडून-बंद करून बघा. पितळेच्या असतील आणि खरवडल्यावर आतून गुलाबी दिसल्या तर त्यातलं जस्त निघून गेलंय, त्या कधीही मोडतील.

जाणार कधी, हेही महत्त्वाचं. मुंबईतल्या अशा बोटी पावसाळ्याआधी, मेच्या अखेरीला, किनाऱ्यावर काढतात. तेव्हाच जा, तळ फुकटात बघायला मिळतो. पसंत पडली तर स्वतःच्या पैशाने सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासून अहवाल देणारा जाणकार, लावा. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. विम्यालाही तो अहवाल लागतो. कागदांत आधीच्या प्रत्येक मालकाचा विक्रीपत्राचा दुवा जुळतो का बघा, आणि बोट परदेशातून आलेली असेल तर सीमाशुल्क भरल्याची पावती बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

नाथसागराचं मात्र मनातून काढून टाका असं मी म्हणेन. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे स्वतःची बोट टाकायला परवानग्या लागतात, आणि लागायलाच हव्यात, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. शिवाय तुमच्या बोटीला चार-पाच फूट पाणी खाली लागतं, आणि उन्हाळ्यात जलाशय किती मागे हटतो ते पैठणकरांना विचारा. नऊ-दहा फूट रुंदीची बोट ट्रेलरवर साडेतीनशे किलोमीटर आणायलाही जादा रुंदीची वेगळी परवानगी लागते.

बोट बघून आलात की डेकचे खडूच्या खुणांसकट, चेनप्लेटचे, कीलच्या जोडाचे आणि आतून कप्प्यांचे फोटो इथेच टाका. रंगाचे नकोत.