या वयात कवळी?

समुपदेशनासाठी माझ्या खोलीत आल्यापासून तिने तोंडावरचा रुमाल काढला नव्हता. वय 29. ओठ जेमतेम उघडत बोलत होती, त्यामुळे अर्धे शब्द मला पुन्हा विचारावे लागत होते. तिसऱ्यांदा "काय म्हणालात?" विचारलं आणि तिला रडूच फुटलं. "मॅडम, सगळे दात काढून कवळी बसवायची ठरवलंय. पण माझ्या वयाचं कुणी कवळी बसवतं का हो?"

हो, बसवतात. हिरड्यांचा जुनाट आजार, जन्मतःच कच्चं असलेलं दातांवरचं आवरण, लाळ आटवणारी औषधं, वर्षानुवर्षं घशाशी येणारं आम्लपित्त, अपघात, यातलं काहीच वय विचारून येत नाही. तिच्या बाबतीत हिरड्यांचा आजार होता आणि वर दंतवैद्याची लहानपणापासूनची धास्ती. सात वर्षं ती दवाखान्याची पायरी चढली नव्हती. दुखलं की गोळी घ्यायची आणि दुसऱ्या बाजूनं चावायचं. "ब्रश करत नसशील" हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की आता तीच ते स्वतःला ऐकवत होती.

मी विचारलं, "सगळे दात काढायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच ठरवलं. एकदाचं संपेल तरी."

इथे मला काळजी वाटली. तिला कुणी तपासलंच नव्हतं. निर्णय लाजेनं घेतला होता, आणि लाजेला नेहमीच घाई असते. दात काढला की त्याला धरून असलेलं जबड्याचं हाड झिजू लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि मग हळूहळू आयुष्यभर. सत्तरीतल्या माणसाचा आणि तिचा हिशोब म्हणूनच वेगळा. तिला त्या हाडावर अजून कित्येक दशकं काढायची आहेत. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालचीला असा आधार नसतो, त्यात जीभ तिला सारखी उचलत राहते. त्यामुळे खालच्या जबड्यात दोन-चार मुळं जरी टिकली तरी खूप. तीही नसतील तर कवळीला दोन इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळांचा, आधार द्यावा, असं 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सुचवलं होतं.

मी दंतवैद्य नाही. कुठला दात वाचेल हे मी सांगू शकत नाही. पण तपासणीला जाताना काय विचारायचं, हे आम्ही मिळून वहीत लिहिलं: कुठले दात खरंच वाचत नाहीत, आणि कशावरून? हिरड्यांचे उपचार केले तर किती टिकतील? काढलेच तर मला किती दिवस दातांशिवाय राहावं लागेल? शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्याच, हे मी मुद्दाम सांगितलं.

दवाखान्यात फोन तिनं माझ्यासमोरच केला. त्याआधी पाच मिनिटं मोबाइल नुसता हातात धरून बसली होती. मग एका दमात म्हणाली, "मला तपासून घ्यायचंय. दात फार खराब आहेत आणि मला खूप लाज वाटते. प्लीज ओरडू नका." ज्यांना हा फोन करवत नाही त्यांना मी आता हीच तीन वाक्यं सुचवते.

तपासणीत कळलं की वरचे दात खरंच गेलेले आहेत. खालचे मात्र पुढचे सहा, सुळ्यांसकट, हिरड्यांच्या उपचारांनी राहण्यासारखे होते. वर पूर्ण कवळी, दात काढल्या दिवशीच बसणारी, आणि खाली अर्धी.

आता उरला नवरा. हिरड्यांना विश्रांती मिळावी म्हणून कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची असते, आणि नेमकं हेच तिला सहन होत नव्हतं. "वाटीत दात ठेवून झोपणारी बायको," ती म्हणाली आणि बराच वेळ गप्प झाली. दोन आठवडे आम्ही यावरच बोललो. शेवटी एका रात्री दिवा मालवून, अंधारात तिनं त्याला सांगितलं. त्याला माहीत होतं. जेवताना तिच्या ताटातलं कडक असेल ते तो कितीतरी दिवस न बोलता आपल्या ताटात घेत होता. तिच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

पुढचं सोपं नव्हतं. तोंडात सारखी लाळ, बोलणं बोबडं, हिरडीला फोड. कवळी टोचते म्हणून तिनं घरीच कानस लावायला घेतली होती. मी हात जोडून सांगितलं, त्यासाठी दवाखान्यातच जा, कितीही वेळा जावं लागलं तरी. दात काढल्यावर हिरड्या आक्रसतात आणि कवळी सैल होते. ती वाईट बनली असा त्याचा अर्थ नव्हे, तिला आतून नवं अस्तर लावावं लागतं. रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं, हेही ठरलं. आणि एका भेटीत ती नुसती रडली. "खराब होते, पण माझे होते," म्हणाली. मी समजूत घातली नाही. शरीराचा भाग गेला होता, रडू येणारच.

पाचव्या महिन्यात आली तेव्हा रुमाल पर्समध्ये होता. अस्तरासाठी मंगळवारची वेळ घेतली होती.

"शनिवार, सोमवार, शुक्रवार, सगळे नीट येतात आता," ती म्हणाली. "फक्त 'स्पष्ट' म्हणताना अजून शिट्टी वाजते."

मी म्हटलं, म्हणून दाखवा. तिनं म्हणून दाखवलं. खरंच वाजली.