वाचकांचे प्रश्न : बातमी मालकांच्या टेबलावर अडते तेव्हा

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. कारखान्याने उसाचं बिल थकवल्याची बातमी तीनदा पाठवली. मालक म्हणतात, 'बातमी कच्ची आहे.' पण गळीत हंगामाच्या शुभारंभाची पानभर जाहिरात त्याच कारखान्याची असते. काय करावं?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. म्हणून आधी बातमी पक्की करा. मग वादात फक्त जाहिरात उरेल आणि ते मालकांना तोंडानं बोलून दाखवावं लागेल.

'शेतकऱ्यांतून संताप व्यक्त होत आहे' या वाक्यावर बातमी उभी राहत नाही. वेगवेगळ्या गावांतले पाच शेतकरी गाठा. प्रत्येकाची वजनपावती आणि बँक पासबुकाचं शेवटचं पान यांचे फोटो घ्या. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, त्यानंतर उशिरासाठी वार्षिक 15 टक्के व्याज. समजा 40 टन ऊस गेला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला 2,700 रुपये निघतात. येणं झालं 1,08,000. चौदा दिवसांच्या पुढे महिनाभर लांबलं तर व्याज सुमारे 1,330 रुपये. एवढा एक हिशेब बातमीत आला की वाचकाला आणि मालकांनाही ती कळते.

मात्र 14 दिवसांची अट वेगळा लेखी करार नसेल तेव्हाच लागते. शेतकऱ्याने हप्त्यांच्या करारावर सही केली आहे का, हे आधी बघा. अशा बातम्या इथेच पडतात. कारखाना दुसऱ्या दिवशी करार दाखवतो आणि खुलासा छापावा लागतो.

कार्यकारी संचालकांना प्रश्न लेखी पाठवा, उत्तराला एक दिवस द्या. 'फोन उचलला नाही' एवढ्यावर भागत नाही. साखर आयुक्तालयाची थकबाकीची आकडेवारी जोडा, आरआरसी म्हणजे थकलेली रक्कम महसुली थकबाकीसारखी वसूल करण्याचा आदेश निघाला असेल तर त्याची प्रतही.

हे सगळं सकाळी घेऊन जा. रात्री पान लावायला ऑपरेटर खोळंबलेला असतो, तेव्हा 'उद्या बघू' हेच ऐकायला मिळतं. मथळा सौम्य करा म्हणाले तर करा, आतल्या पानावर घेतो म्हणाले तरी चालेल. कारखान्याचं नाव आणि थकलेला आकडा मात्र सोडू नका, ते गेले की बातमीच गेली. तरीही नकार आला तर कारण व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून ठेवा. दुसऱ्या पेपरला चोरून देऊ नका. तुमच्या कामाच्या अटींत मुभा असेल तर सांगून द्या.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात आमचं साप्ताहिक आहे. वार्ताहरच जाहिराती आणतात, मग त्या लोकांविरुद्ध लिहीत नाहीत. त्यांना समजवावं कसं?

उत्तर : समजावून होणार नाही, कारण दोष त्यांचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबर, दिवाळी अशा प्रत्येक वेळी त्यांना टार्गेट मिळतं. बातमीला मानधन नाही, जाहिरातीला कमिशन आहे. मग माणूस कमिशनकडेच बघणार. थोडं का होईना, प्रत्येक छापील बातमीला मानधन सुरू करा. ज्याच्याकडून जाहिरात आणली, त्याची बातमी शेजारच्या तालुक्याच्या वार्ताहराकडे द्या. आणि पैसे घेतलेला मजकूर बातमीसारखा लावू नका, त्यावर 'जाहिरात' असं स्पष्ट छापा. 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर पेड न्यूजचा विषय नांदेडहून देशभर गेला, तेव्हापासून वाचक असा मजकूर लगेच ओळखतो.

प्रश्न : माझ्या नावाने छापलेल्या बातमीत कार्यालयात परस्पर आरोप घातले. केस झाली तर कोण अडकेल?

उत्तर : नाव तुमचं असल्यामुळे तुम्हीही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, समाजसेवेचीही शिक्षा आहे. फिर्यादी सहसा संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि वार्ताहर अशा सगळ्यांना ओढतो. शेवटच्या पानाच्या तळाची ओळ वाचा, जबाबदार संपादक कोण ते तिथे असतं. तुम्ही पाठवलेला मूळ मजकूर तारीख-वेळेसह ईमेलवरच ठेवा, तोच तुमचा बचाव. त्याच दिवशी संपादकांना लेखी कळवा की हे वाक्य माझं नाही, दुरुस्ती छापा. पुढच्या वेळी बदल मान्य नसेल तर छपाईआधीच नाव काढायला सांगा.