बास्करव्हिल छापल्यावर फिकट का दिसतो?

आजोबांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक सांगलीत छापून घेताना बास्करव्हिल हा फॉन्ट संगणकावर देखणा वाटला, पण नमुना पानावर फिकट आणि किरटा उतरला, तेव्हा तो बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते फॉन्ट ठेवावा आणि छपाईची रीत बदलावी.

बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल मुद्रक होण्यापूर्वी सुलेखन शिकवीत असे आणि दगडावर अक्षरे कोरीत असे. ते वळण त्याच्या टाइपात उतरले आहे. उभी रेघ ठसठशीत, जोडरेघ अगदी बारीक आणि टोकांचे सेरिफ, म्हणजे रेघेच्या टोकाला येणारे छोटे फाटे, अणकुचीदार. लहान ‘जी’ भिंगाखाली धरा: खालचा वाटोळा भाग पुरता मिटत नाही, थोडी फट राहते. १७५७ साली रोमन कवी व्हर्जिलचे काव्य छापताना या नाजूकपणासाठी त्याने गडद काळी शाई तयार केली, काही भागाला वोव्ह, म्हणजे जाळीच्या रेषा न दिसणारा गुळगुळीत कागद घेतला आणि छापलेले ताव तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबले. तरीही ही अक्षरे डोळ्यांना त्रास देतात अशी तक्रार झालीच. एका तक्रारदारापुढे बेंजामिन फ्रँकलिनने कॅस्लन या दुसऱ्या इंग्रज टाइपकाराच्या टाइपाचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून ठेवला, तर त्या गृहस्थाने त्यातही तेच दोष काढले. हा किस्सा फ्रँकलिनने १७६० मध्ये बास्करव्हिललाच पत्राने कळवला होता.

आपल्या पानाचे दुखणे मात्र खरे आहे. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात दाबले जाई, शाई कडेने किंचित पसरे आणि बारीक रेघेला अंग येई. आजच्या ऑफसेट छपाईत शाई रबराच्या आवरणावरून कागदावर उतरते, तो दाब नाही, त्यामुळे धातूच्या खिळ्यांच्या मापाने हुबेहूब काढलेली डिजिटल आवृत्ती अशक्त दिसते. शिवाय मजकूर शंभर टक्के काळ्याऐवजी करड्या रंगात गेला असेल, तर त्याचे ठिपके पडतात आणि बारीक रेघ तुटते. ही चूक आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याच्या धंद्यात फार होते, म्हणून फाइल आधी तपासून घ्या. एका लग्नपत्रिकेत मी मरून रंगावर हाच फॉन्ट पांढरा, आठ पॉइंट इतक्या लहान आकारात टाकला होता. वधूच्या नावातल्या जोडरेघा शाईने बुजल्या आणि पत्रिका पुन्हा छापून द्यावी लागली. तेव्हापासून गडद रंगावर मी तो लहान आकारात वापरत नाही.

पुस्तकासाठी अकरा पॉइंट आणि ओळीला चौदा-पंधरा पॉइंट जागा द्या. लिब्रे बास्करव्हिल ही मोफत आवृत्ती मुख्यतः पडद्यावरच्या वाचनासाठी आहे. तिची लहान अक्षरे उंच आणि पोट रुंद असल्याने पाने वाढतील, पण मॅपलिथो या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर ती जास्त भरीव उतरते. आजोबांनी उद्धृत केलेल्या अभंगांना एकसारख्या जाडीचा देवनागरी फॉन्ट लावू नका. मुंबईच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचा, जाड-बारीक रेघांचा फॉन्ट शेजारी शोभतो. आताचा बास्करव्हिल आणि लिब्रे, अशा दोन्ही आवृत्त्यांचे एकेक पान पुस्तकाच्याच कागदावर काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दिवसाउजेडी वाचायला द्या.